अण्णांचं लिवर धोंडूच्या नावावर

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका दारूवर चिडलेला माणूस महाडपासून आंबेनळी घाटाच्या माथ्यापर्यंत दुसरा झाला नाही, आणि नुसत्या चिडण्याचंच म्हणाल तर घाट चढून पलीकडे गेलात तरी त्यांच्या तोडीचा सापडायचा नाही. मी त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्याबद्दल दोन चांगल्या गोष्टी लिहायच्या म्हणून वही उघडली, पण पहिल्या ओळीलाच माझंच डोकं तापायला लागलंय. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, की ह्यात राग पुष्कळ येईल. आठवी सोडलेला माणूस आहे मी, राग झाकून लिहिण्याइतका शिकलेला नाही.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. भातशेती, दोन म्हशी, मुलगा आखातात आणि घरात सून, म्हणजे माझी ताई. अण्णा सकाळी उठले की पहिल्यांदा म्हशीवर ओरडायचे, मग उशिरा आलेल्या एसटीवर, आणि एसटी वेळेवर आली तर ड्रायव्हर बेफाम हाकतो म्हणून त्याच्यावर. पण हा सगळा किरकोळ राग. ठेवणीतला राग दारूसाठी. शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे देवाच्या चौथऱ्यावर आली की अण्णा दांडीपाशी उभे राहायचे आणि खांदा द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, "फुंक मार." फुंक मारून वास आला नाही तरच खांदा. एका वर्षी एकामागून एक चौदा जण नापास झाले आणि चार पोरं धुतल्या तोंडाची मिळेपर्यंत देव दुपारपर्यंत सहाणेवरच बसून राहिला. गुरव कुरकुरला, "अण्णा, देवाला ऊन लागतंय." अण्णा म्हणाले, "लागू दे. वास लागण्यापरास ऊन बरं. आन तू पन फुंक मार." गुरव पंधरावा.

दारुडा ओळखायची त्यांची आणखी एक परीक्षा होती: जिलबी. पिणाऱ्याला गोड चालत नाही, हा त्यांचा सिद्धांत. लग्नात कुणी जिलबी नको म्हणाला की अण्णा त्याच्याकडे असे बघत, जणू त्याच्या खिशातून बाटलीचं बूच डोकावतंय. आणि स्वतःचं चारित्र्य रोज सिद्ध करायचं म्हणून ते चहात चार चमचे साखर घेत, भातावर तूपसाखर घेत, महाडच्या बाजारात गेले की पाव किलो जिलबी तिथल्या तिथे उभ्यानं खात. ताई म्हणायची, "अण्णा, शुगर निघालेय ना तुमची, डॉक्टर काय बोलले?" अण्णा म्हणायचे, "गो, बाटली तोंडाला लावली नाय कधी. देवानं तेवढी तरी जिलबी माज्या नावावर ठेवलेय का नाय?" आणि शेतं वाट्यानं दिल्यापासून चालणं म्हणाल तर ओटी ते न्हाणीघर.

मला त्यांच्यावर चिडायचा काय अधिकार, असं कुणी विचारेल. अधिकार नाहीच. वडील गेल्यावर मी शाळा सोडली आणि पोलादपूरच्या स्टँडवर दिवसभर टोळक्यात बसायला लागलो. अण्णांनी एकदा तिथं येऊन सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली आवाज काढला. म्हणाले, "शाळा सोडलीस ना? मग ह्या स्टँडावर काय बीए करतोस?" त्याच आठवड्यात त्यांनी ओळखीच्या ठेकेदाराच्या पायऱ्या झिजवून मला हैद्राबादच्या एका मोठ्या इस्पितळात चिकटवलं. जाताना स्वतःचा स्वेटर दिला आणि वर दम दिला, की थंडी वाजली तर परत येऊ नकोस. आज इतकी वर्षं मी इथं ट्रॉली ढकलतो. घरदार, बायको, पोरांची शाळा, सगळं त्या एका थपडेवर उभं आहे.

आणि ट्रॉली कुठं ढकलतो, तर लिवरच्या विभागात. शिकलो नाही, पण कान उघडे आहेत. आयुष्यात थेंब न घेतलेल्या बायका, मास्तर, देवळातले पुजारी माझ्या ट्रॉलीवरून गेलेत. साखर, पोटाचा घेर, बसून राहणं ह्यांनी लिवरवर चरबी चढते, चरबीनं ते कडक होत जातं आणि कधी कधी त्यात गाठ धरते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. आता न कापता, वरून नुसतं यंत्र टेकवून लिवर किती कडक झालंय ते सांगतात. चरबीवर नवी औषधं निघालीत. गाठ लहान असली तर कातडीतून एक लांब सुई घालून आतल्या आत जाळून टाकतात. मोठी असली तर रक्तवाहिनीतून औषध थेट गाठीपर्यंत नेतात, दुर्बिणीतून तेवढाच तुकडा काढतात, नाहीतर मुलगा बापाला आपलं अर्धं लिवर देतो आणि दोघांचंही पुन्हा वाढतं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि हे सगळं बघणाऱ्या माणसाच्या घरच्याच म्हाताऱ्यानं काय करावं?

गेल्या वर्षी अण्णांना उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. डॉक्टरनं सोनोग्राफी लिहून दिली. लिवरची म्हटल्यावर अण्णांनी ती चिठ्ठी घडी घालून आतल्या खिशात लपवली. कारण गावात लिवर म्हणजे दारू, हे गणित त्यांनीच सगळ्यांना घोकून घेतलं होतं. गावचा शिंपी लिवरनं गेला तेव्हा तेराव्याला, त्याच्या बायकोसमोर, हे म्हणाले होते, "लिवर गेलं म्हंजे लपूनछपून ढोसत असनार." ती बाई रडून सांगत होती, कधी शिवले नाहीत हो. तिचं कोण ऐकतो! आता तेच लिवर ह्यांच्या पोटात.

अण्णा कुणाला न सांगता एकटे महाडला गेले. काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं आणि ह्या सत्यवचनी माणसाच्या तोंडातून गावातल्या एक नंबरच्या दारुड्याचं नाव निघालं: धोंडू. लिवर खराब निघालंच तर ते शोभेल अशा माणसाचं निघावं! नाव खोटं दिलं, पण वय मात्र खरं, बहात्तर. एका दिवसात दोनदा खोटं बोलणं त्यांना झेपलं नसावं. धोंडू पंचेचाळिशीचा. रिपोर्टात आलं: लिवरवर चरबी, उजव्या बाजूला एक लहान गाठ, पुढची तपासणी ताबडतोब करावी. अण्णांनी तो कागद तांदळाच्या कणगीत पुरला आणि घाटाच्या पायथ्याच्या एका वैदूकडे काविळीचं औषध सुरू केलं. हा वैदू तळहाताला कसलीशी साल चोळतो आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो. पाणी पिवळं होतं. "बघा, उतरतेय," म्हणतो. त्या सालीनं माझेही हात धुतले तर पाणी पिवळंच होईल, म्हशीचे खूर धुतले तरी होईल! सहा आठवडे अण्णा हात धूत राहिले. आत गाठ वाढत होती आणि बाहेर चुन्याचं पाणी पिवळं होत होतं. आजही हे लिहिताना माझ्या मुठी वळतात.

मग ताईला कणगीत तो कागद सापडला. तिला वाटलं, अण्णांनी धरून नेऊन धोंडूची तपासणी केली असणार, त्यांचा स्वभावच तसा. तिनं तो धोंडूच्या घरी पोचवला. तुम्ही म्हणाल, धोंडूला तरी कळायला हवं होतं की आपण कधी यंत्राखाली झोपलोच नाही. पण धोंडूची अडचण वेगळी होती. तो बायकोला म्हणाला, "काढली असंल गो. माजं मला काय आठवतंय?" आणि त्या संध्याकाळपासून त्या माणसानं बाटली सोडली. अण्णांना वीस वर्षं ओरडून जे जमलं नव्हतं, ते त्यांच्या स्वतःच्या गाठीनं एका दिवसात केलं.

ताईनं त्या कागदाचा फोटो मलाही पाठवला होता. मी आमच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, गाठ एकच दिसतेय, लहान आहे, वय बहात्तर असलं तरी सुईनं होण्यासारखं आहे, पण लवकर आणा. बहात्तर! मी तिथंच उभा होतो, ऐकत होतो, आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. मी सरळ अण्णांना फोन लावला, "अण्णा, धोंडूला इकडे पाठवा, वाचेल तो."

पलीकडून आधी नुसतं खाकरणं ऐकू आलं. मग ओरडले, "मरू दे त्याला! ढोसतो तो!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. "ढोसत असला तरी माणूस आहे ना अण्णा! आणि दारूचंच काय घेऊन बसलात? इथं न पिणारेच रांगा लावून बसलेत. लोकांना उगाच लाज वाटू नये म्हणून डॉक्टरांनी त्या आजाराचं नावसुद्धा बदललं, दारू हा शब्दच काढून टाकला त्यातून."

"ते डॉक्टर पन ढोसत असतील," अण्णा म्हणाले. मग खालच्या आवाजात, "सुई फार दुखते काय रे... त्या धोंडूला?"

मी म्हटलं, भूल देतात. फोन कट झाला. मला वाटलं, रागावले.

शेवटी गुंता उलगडला तो धोंडूनंच. शुद्धीवरचा धोंडू फार हुशार निघाला. त्यानं महाडला जाऊन स्वतःची पुन्हा सोनोग्राफी केली. गाठबीठ काही नव्हतं. डॉक्टरनं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, अरे, हा बहात्तर वर्षांच्या माणसाचा आहे. धोंडू परत आला आणि अण्णांना ओटीवरून उठवून गोठ्यामागे घेऊन गेला. पुढचं मला त्यानंच सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "अण्णा, नाव माजं हाय, पन पोट तुमचं हाय." अण्णा शेणाच्या पाटीवर मटकन बसले. म्हणाले, "मला मरू दे. पन गावात बोलू नको." धोंडू म्हणाला, "मरायचं कशाला? माजंच लिवर गेलंय असं सांगू. माज्या नावाला अजून काय डाग लागायचा राह्यलाय? तुमी मला हैद्राबादला घेऊन चला."

आणि तसंच झालं. धोंडूच्या उपचाराला अण्णा स्वतः चाललेत म्हणून गावानं त्यांना स्टँडवर नारळ दिला, एकानं हार घातला. जिवाच्या भीतीनं निघालेला म्हातारा हार घालून, आणि त्याचा जीव वाचवणारा त्याच्या पिशव्या उचलून! मी त्या वेळी तिथं असतो तर तो हार ओढून म्हशीला घातला असता.

इथं इस्पितळात मात्र आधार कार्डावरचं नाव लिहिल्यावाचून भागणार नव्हतं, आणि धोंडूऐवजी अण्णांचं कार्ड पुढं आलं तेव्हा मलाही खरं कळलं. पुढच्या तपासण्या झाल्या. गाठ कॅन्सरचीच होती, एवढ्या दिवसांत थोडी वाढलेली, तरी सुईच्या टप्प्यात. अण्णांची ट्रॉली मीच ढकलली. एरवी लिफ्ट उशिरा आली तर लिफ्टच्या बापाचा उद्धार करणारा माणूस छताकडे बघत गप्प पडला होता. फक्त दाराशी म्हणाले, "हळू ढकल रे. दूध घेऊन चाललायस काय डेअरीवर?" तेवढ्यानं मला रडू आलं. तासाभरात झालं. पोटावर टाका नाही, नुसती एक पट्टी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं. गाठ जळाली, पण बाकीचं लिवर चरबीनं कडक झालंय, दर तीन महिन्यांनी तपासावं लागेल. साखर बंद, रोज चालायचं. अण्णांनी मला विचारायला लावलं, की थेंब न घेता हे झालं कशानं? डॉक्टर म्हणाले, गोडानं, बसून राहण्यानं. अण्णांनी माझ्याकडे वळून विचारलं, "जिलबीनं?" गाठ आहे म्हटल्यावरही त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता.

तीन महिन्यांनी दोघं पुन्हा आले. तपासणीत जुनी जागा साफ होती, पण शेजारी एक ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही, सहा आठवड्यांनी बघू. अण्णा बाहेर बाकावर बसले होते, तेव्हा कँटीनमध्ये मी धोंडूवरच भडकलो. गावात अजून तुलाच लिवरवाला म्हणतात, पोरं तुझ्या पाठीमागे फुंक मार म्हणून ओरडतात, ताई सांगते मला. अण्णांनी अजून तोंड का उघडलं नाही? तू तरी सांगून टाक! धोंडू बिनसाखरेचा चहा फुंकत होता. अण्णांबरोबर त्यानंही साखर सोडलीय. म्हणाला, "असू दे रं. खरा पीत होतो तवा मला कोन इचारीत नव्हता. आता पीत नाय, तर सगळी इचारत्यात, बरा हायस ना? आन म्हाताऱ्याला एकटा कसा सोडू? रोज सकाळी पुलापर्यंत चालवत नेतो. शिव्या घालत चालतो, पन चालतो."

संध्याकाळी त्यांना पुण्याच्या बसवर सोडायला गेलो. मनात ठरवून गेलो होतो, की आज अण्णांना तोंडावर सांगायचं, गावात जाऊन खरं बोला. बस अर्धा तास उशिरा आली. क्लीनरनं अण्णांची पिशवी हातातून ओढली आणि धाडकन डिकीत फेकली. खिडकीची जागा सांगितली होती, ती दुसऱ्यालाच दिलेली. अण्णा धोंडूच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढले, मागच्या सीटवर जाऊन बसले आणि काचेतून मला म्हणाले, "जा तू. ड्युटी असंल तुजी. जेव वेळेवर."

माझं सांगायचं राहूनच गेलं. ड्रायव्हर खाली उभा राहून फोनवर हसत होता. मीही खालीच उभा राहिलो, आता त्याच्यावर ओरडतील, आता ओरडतील म्हणून काचेकडे बघत. बस निघाली, वळली, तरी आतून काहीच आवाज आला नाही.