नारळावर केलेलं काम

डोळे मिटा आणि पैशाची चिंता नसती तर तुम्ही काय केलं असतं ते मनात आणा, असं एम्प्लॉयमेंट सेंटरमधली बाई आम्हाला सांगत होती. मी डोळे मिटले. पैशाची चिंता नसती तर मी या वर्कशॉपला आलोच नसतो, एवढंच मनात आलं. पॅशन, पॅशन! तिने हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की माझं डोकं उठलं. तिला पगार होता, मला नव्हता.

टेलिकॉमचा बाजार बसला तेव्हा आमच्या कंपनीने अख्खा मजला घरी पाठवला, त्यात मी. बायको हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलमध्ये लॅबला होती म्हणून घर चाललं. मी जॉब अप्लाय करत होतो, बर्फ शोव्हल करत होतो आणि बेसमेंटमध्ये पेट्या उघडून बसत होतो. पेट्या म्हणजे हार्मोनियम. या देशातल्या पहिल्याच हिवाळ्यात माझी स्वतःची पेटी घर तापवणाऱ्या फर्नेसच्या कोरड्या हवेने उलली होती, भाता मारला की अर्धी हवा फटीतून बाहेर. दुरुस्त करणारं जवळपास कोणी नाही. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर, हवा कुठून गळते हे शोधणं हेच तर शिकलो होतो. उघडली, आणि खरं सांगतो, दुपार कधी सरली ते कळलं नाही. नोकरीत असं एकदाही झालं नव्हतं.

मग इतरांच्या यायला लागल्या. आपल्या माणसांकडे पेटी असतेच, वाजवता येत नसली तरी असते. लोक आणून ठेवायचे, मी करून द्यायचो. "काय हात आहे रे तुझा! याचा बिझनेस कर ना!" असं म्हणायचे आणि पेटी उचलून चालू पडायचे. एकजण चिवड्याची पिशवी ठेवून गेला. मी दर ठरवले, कार्डं छापली, तर तोंडं उतरली सगळ्यांची. अरे, आपल्यातच काय पैसे?

"कर तू बिझनेस," बायको म्हणाली. "पण मार्चपर्यंत. तोवर घरात काही आलं नाही, तर गोदामात नाइट शिफ्ट मिळतेय ती धर. मी एकटी ओढून थकलेय रे." ती खरंच थकली होती. मी हो म्हणालो.

संक्रांतीला मंडळाचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. मंडळात एक रिटायर्ड डॉक्टर होते, सगळ्यांचे काका. या गावात मराठी माणूस औषधालाही नव्हता तेव्हा आलेले. त्यांच्या पेटीने माझा जीव काढला होता, सुरांच्या सगळ्या पितळी पट्ट्या काढून पुन्हा बसवायला लागल्या होत्या. दराचं त्यांनी विचारलं नव्हतं, मला वाटलं विसरले असतील. विसरले कसले! तिळगूळ वाटून झाल्यावर काकांनी मला स्टेजवर बोलावलं, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइकवर म्हणाले, "पैशाचा विचारही ज्याच्या मनाला शिवत नाही असा हा आपला गुणी कलावंत!" टाळ्या. समोर बायको बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

माझं टाळकंच सटकलं. मी माइक घेतला. "काका, तुम्ही आयुष्यात किती पेशंट नारळावर तपासलेत?"

एका पोराने आईला मोठ्याने विचारलं, "व्हॉट डिड ही से?" आईने त्याला चापटी मारली.

"मी कलावंत नाही," मी म्हणालो. "मी पेट्या दुरुस्त करतो. कार्डं बाहेर बुटांच्या रॅकवर आहेत."

कोणी एक कार्ड उचललं असेल तर शपथ. फोन यायचे बंद. ग्रोसरीच्या दुकानात भेटलेली माणसं अचानक डाळींची पाकिटं वाचायला लागायची. मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही, संतापच होता. सत्कार करून माणसाला फुकटात राबवायचं, ही युक्ती आपल्याच लोकांना सुचू जाणे. नारळाची चटणी केली. शाल कामाच्या टेबलावर अंथरली. मार्च लागला आणि मी गोदामासाठी सेफ्टी बूट आणले. सोमवारपासून जायचं होतं.

शनिवारी काका आले. पेटी घेऊन, धापा टाकत, बेसमेंटचा जिना उतरून. मी भाता मारून पाहिला. पुन्हा हवा.

"हीटिंगच्या व्हेंटपाशी ठेवली होती ना? बजावलं होतं मी."

त्यांची नजर टेबलावर होती. "ही ती शाल?"

"हो. लाकडाला चरे पडत नाहीत."

मला वाटलं, आता पेटी उचलतील आणि जातील. गेले असते तर बरंच, असंही वाटलं. ते स्टुलावर बसले. "किती घेशील?"

मी आकडा सांगितला. मागच्या खेपेचे धरून.

"काय? लूट आहे लूट! पुण्यात याच्या चौथाईत करतात!"

"मग पुण्याला न्या."

"काहीतरी कमी कर की. म्हाताऱ्याला तरी."

"नाही."

काका घासाघीस करत होते! शाल घालताना गोड गोड बोलणारा हा माणूस भाजीवालीशी भांडावं तसा माझ्याशी भांडत होता. म्हणजे पैसे द्यायचे हे ठरलंच होतं. मी एक सेंटही सोडला नाही. त्यांनी चरफडत चेक लिहून दिला आणि माझ्यासमोर बोट नाचवलं. "आता बाकीच्यांकडूनही घे. मी सांगतोच एकेकाला फोन करून. मला एकट्याला लुबाडलंस असं व्हायला नको. आणि त्या चिवडेवाल्याचीही पेटी फुटलीय, त्याला जास्त लाव."

ते गेल्यावर बायकोने जिन्याच्या तोंडाशी येऊन विचारलं, "एवढं कोण भांडत होतं?"

"गिऱ्हाईक," मी म्हणालो.

तिने दारामागचा सेफ्टी बुटांचा खोका उचलला. "टॅग काढला नाहीयेस ना? आज उघडं आहे दुकान. परत करून येते."