नऊ बदाम, तरी बिनहुकूम

"हुकूम हाती असला का माणूस इचार करनं सोडते," असं शेषराव एकदा म्हणाले होते. ब्रिज क्लबातले सगळे हसले होते. शेषराव हसले नव्हते.

नांदगाव खंडेश्वरच्या वाटेवर त्यांचा दोन एकरांचा मळा. शेवंती, झेंडू, निशिगंध, गुलाब, सगळं थोडं थोडं. एकाच फुलावर विसंबलेला माळी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोती रस्त्याकडेला ओतून घरी जातो, हे त्यांनी लहानपणीच पाहिलेलं. अमरावतीत राजापेठेतल्या एका वकिलांकडे ते पूजेची फुलं पोचवत. एका रविवारी तिथे ब्रिजच्या डावाला चौथा गडी आला नाही, म्हणून वकिलांनी यांनाच बसवलं. त्याला वीस वर्षं झाली.

ते पत्तेही मळ्यासारखेच लावत. एका रंगाला हुकूम करायचं आणि त्याच्या जिवावर बाकीचे रंग कापत सुटायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. चारही रंगांनी आपापल्या पायांवर उभं राहावं. क्लबात याला नो ट्रम्प म्हणतात, शेषराव बिनहुकूम म्हणत.

त्यांच्या जोडीदार चारुशीलाबाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. बोलणं मोजकं, हिशेब पक्का. पंधरा दिवसांपूर्वी अकोल्याच्या स्पर्धेत दोघांच्या हातांत मिळून नऊ इस्पिकं असताना शेषरावांनी बिनहुकमाची स्लॅम बोलली, म्हणजे तेरापैकी बारा हात करायचे. समोरच्यांनी किलवरचे पहिले दोन हात ओढले. संपलं. इस्पिक हुकूम असतं तर दुसरं किलवर कापता आलं असतं. परतीच्या बसमध्ये बाई मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, नऊ हुकूम असताना पुन्हा हे केलंत, तर आपली जोडी मोडली. शेषरावांनी शब्द दिला.

आणि आज अमरावतीत निवड स्पर्धा. वऱ्हाडातून एकच जोडी राज्य स्पर्धेला जाणार. शेषरावांचं ते चार वर्षं हुकत होतं, दरवेळी एका जागेने. शेवटचा डाव उरला होता. समोर अकोल्याचेच देवानंद आणि वर्षाली, नवरा-बायको, गुणांत जेमतेम पुढे.

शेषरावांनी पत्ते उघडले. बदामांचा राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि खाली एक लहान. बाईंच्या बोलीवरून कळलं की त्यांच्याकडे बदामं आणखी चार. नऊ. बदामाचा एक्का तेवढा समोरच्यांकडे. प्रत्येक टेबलावर हेच पत्ते वाटले जाणार, आणि जो तो सहा बदाम बोलणार, म्हणजे बदाम हुकूम करून बारा हात. तेवढेच हात बिनहुकमाने केले तर गुण दहाने जास्त. पण शेषरावांच्या डोक्यात दहा गुण नंतर आले. आधी आलं ते एवढंच, की चारही रंग भक्कम आहेत. कुणाला कुणाच्या आधाराची गरज नाही.

बाईंनी मान वर केली नाही. शेषरावांचा अंगठा बोलीच्या कार्डांवर थांबला, नखात झेंडूचा पिवळा रंग. मग त्यांनी कार्ड ठेवलं. सहा, बिनहुकूम.

"भाऊ, अकोल्याचं इसरले वाटते," देवानंद म्हणाला.

देवानंदने लहान चौकट टाकलं. डाव शेषरावांनी खेळायचा, म्हणून रीतीप्रमाणे बाईंनी आपले पत्ते टेबलावर उघडे मांडले. मांडताना बदामांची रांग वाकडी झाली, ती त्यांनी सरळ केली नाही. वर्षालीची पाळी. तिने हातातले पत्ते एकदा चाळले, पुन्हा चाळले, आणि किलवर टाकलं.

तिच्याकडे चौकट नव्हतंच. एकही नाही.

पाण्याच्या ग्लासाकडे गेलेला बाईंचा हात तिथेच राहिला. बदाम हुकूम असतं तर हे पहिलंच चौकट वर्षालीने कापलं असतं, पुढे बदामाचा एक्का, आणि स्लॅम बुडाली असती. इथे कापायला हुकूमच नव्हता. शेषरावांनी बदाम काढलं. मग दुसरं. देवानंदने एक्का मारला. तो एकच हात. त्यानंतर एकेक पत्ता असा पडत गेला, जणू टोपलीतून फुलं ओतावीत. राजा, राण्या, दोन काळे एक्के. बारा.

निकाल मोबाइलवर आले. अकरा टेबलं. बाकी दहाही ठिकाणी सहा बदाम. जिथे पहिलं पान चौकट उतरलं तिथे सगळे बुडाले. जिथे नाही उतरलं तिथे बारा हात झाले, पण दहा गुणांनी मागे राहिले. एकूण यादीत पहिलं नाव यांच्या जोडीचं.

टाळ्या थांबल्यावर बाईंनी राज्य स्पर्धेच्या नोंदणीचा कागद मागून घेतला. शेषराव समोर उभे. एरवी प्रत्येक डाव अर्धा अर्धा तास समजावून सांगणारा माणूस.

"शब्द मोडलात तुम्ही," बाई म्हणाल्या.

शेषरावांनी मान खाली घातली.

"तो शब्द मागायलाच नको होता मी." त्यांनी कागदावर आधी शेषरावांचं नाव लिहिलं, खाली स्वतःचं, आणि पेन पुढे केलं. "सही करा."

शेषरावांनी सही केली. दोन्ही नावं डोळ्यांजवळ नेऊन वाचली. त्यांनी कागद बाईंच्या हातात परत दिला, टोपी डोक्यावर घातली, आणि डाव न समजावताच दारातून बाहेर गेले.