टोपणनावामागची फाईल

ऐंशीच्या दशकात मुंबईहून रत्नागिरीला येताना एसटीत माझ्या शेजारी एक मुलगी होती. मांडीवर कॉम्प्युटरच्या कागदांचा गठ्ठा, दातांत पेन्सिल. विचारल्यावर एकदम खुलली.

"मी मेनफ्रेमवर, म्हणजे ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर काम करते. प्रोग्रॅम फाईलला टोपणनावानं हाक मारतो. त्यामागे आज खरी फाईल कुठली जोडलीय, ते मला असेंब्लर भाषेतून शोधायचंय. मशीनच्या टेबलात, म्हणजे यादीत, टोपणनाव सापडतं, खरं नाव दिसतच नाही. भलत्याच फाईलवर लिहिलं गेलं, तर सगळ्या ऑफिसचे पगार पुसले जातील."

संगमेश्वरला चढलेली एक आजी पुढच्या बाकावर बसली आणि वळून तिला न्याहाळू लागली.

"कोणाची गो तू?"

"पावसची."

"पावस केवढं! वाडी कुठची? घर कुठचं?"

मुलीनं वाडी सांगितली, विहिरीमागचं घर सांगितलं.

"मग तू मास्तरांची नात," आजी म्हणाली.

मुलीची पेन्सिल खाली पडली. तिनं माझा हात घट्ट धरला. "टेबलात खरं नाव नसतंच हो, फक्त घराचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर जाऊन नाव वाचायचं. मी आपली वाडीतच शोधत बसले."

हातखंब्याच्या वळणांवरही ती वेड्यावाकड्या ओळी लिहीत राहिली. रत्नागिरी स्टँडवर न्यायला आलेल्या वडिलांच्या हातात तिनं बॅग कोंबली. "बाबा, आधी ऑफिसला ट्रंक कॉल," म्हणत ती पोस्टाकडे पळाली. कागद मागे फडफडत होते.

तिचं नाव मी विचारलंच नाही. आजीनंही विचारलं नव्हतं. पण शोधायचंच म्हटलं, तर विहिरीमागचं घर मला ठाऊक आहे.