फॉगिंगचा धूर आणि पांढरे क्लाउनफिश

फॉगिंग मशीनचा आवाज मारुतीच्या देवळाकडून आला तेव्हा मी पिल्लांना खाऊ घालत होतो. हातातली डबी टाकून मी बाहेर पळालो. आमच्या शेडच्या मागच्या भिंतीला ब्लोअर आहे. तो बाहेरची हवा ओढतो आणि नळ्यांतून सगळ्या टाक्यांत सोडतो. म्हणजे रस्त्यावरच्या हवेत जे असेल, ते लगेच माझ्या पाण्यात.

डासांसाठी सोडतात त्या धुरात कीटकनाशक असतं. माणसाला ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, एवढंच. माशाला त्याचा अगदी थोडा अंश पुरतो. आधी झटके येतात, मग मासा आडवा होतो. त्यावर औषध नाही.

मी क्लाउनफिशची पैदास करतो. नारंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे, असा हा बोटभर समुद्री मासा. माले गावाच्या अलीकडे आमचं घर आहे, मागे शेड आणि शेडमध्ये बावीस टाक्या. समुद्र घाट उतरल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे आमचं खारं पाणी पाकिटातल्या मिठाचं. साध्या नारंगी माशांबरोबर मी दोन निवडक जाती वाढवतो. एक स्नोफ्लेक, त्याचे पांढरे पट्टे वेडेवाकडे पसरलेले असतात. दुसरा प्लॅटिनम, जवळजवळ पूर्ण पांढरा. या जाती समुद्रातून येत नाहीत. एका विणीतली जास्त पांढरी पिल्लं निवडायची, मोठी झाली की त्यांच्या जोड्या लावायच्या, त्यांच्या पिल्लांतून पुन्हा निवडायचं, असं करत त्या तयार होतात.

नामदेव, म्हणजे पंचायतीचा शिपाई, खांद्याला मशीन लावून आमच्याच बोळात वळत होता.

"भाऊ, लांब व्हा, धूर लागंल."

"नामदेव, आमच्या बाजूला आज मारू नको. मासे मरतील."

शेजारच्या कांताबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या तिथूनच कडाडल्या. "का नको? डास काय तुमची भित बघून माघारी जात्यात व्हय? माझा नातू डेंगूनं दवाखान्यात पडलाय. मासं मोठं का पोरगं मोठं?"

पोराच्या प्लेटलेट उतरत होत्या हे मला माहीत होतं. बाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

"मार," मी नामदेवला म्हणालो. "फक्त थोडा वेळ दे."

"वरच्या आळीला मारून येतो. तवर काय झाकायचं त्ये झाका."

मी आत येऊन ब्लोअर बंद केला. शेडमध्ये दिवसरात्र बुडबुड्यांचा आवाज असतो, तो थांबला. मशीनच्या आवाजापेक्षा मला त्या शांततेची जास्त भीती वाटली. आमचे फिल्टरही हवेवरच चालतात, त्यामुळे पाणी हलायचंही थांबलं. पिल्लांच्या टाक्या दाटीच्या. तिथला प्राणवायू किती टिकेल याचा मी मनात हिशोब केला आणि उत्तर आवडलं नाही म्हणून पुन्हा केला.

सुनंदा, माझी पत्नी, खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबू लागली. मी टाक्यांवर प्लॅस्टिक ओढलं. मासे पिशवीत पॅक करून पाठवताना ऑक्सिजन भरावा लागतो, त्यासाठी एक सिलिंडर असतो. त्याचा काटा तळाला आला होता. नवा आणायचा राहिला होता.

"किती टाक्यांना पुरेल?" सुनंदाने विचारलं.

"पाच. फार तर सहा."

"मग पांढऱ्यांना द्या. ते नाजूक."

गिऱ्हाइकं मला नेहमी हेच विचारतात, की डिझायनर मासा, म्हणजे असा रंग निवडून काढलेला, नाजूक असतो का. माझं ठरलेलं उत्तर होतं: टाकीत जन्मलेला क्लाउनफिश, कुठल्याही रंगाचा असो, समुद्रातून पकडलेल्यापेक्षा घरात चांगला टिकतो. त्याला काचेची सवय असते, कोरडं खाद्य तो लगेच खातो, प्रवासाने खचलेला नसतो. हे खरं आहे. पण हवा बंद झाल्यावर कोणता रंग किती टिकतो, हे मी कधी बघितलं नव्हतं.

प्लॅटिनमची मोठी मादी वर येऊन तोंड उघडझाप करू लागली होती. क्लाउनफिशच्या जोडीत मोठी असते ती मादी. ती गेली तर नराचीच हळूहळू मादी होते, पण नवी जोडी जमून अंडी मिळायला वर्ष सहज जातं. माझे सगळे प्लॅटिनम हिचेच. ऑक्सिजनची पहिली नळी मी तिच्या टाकीत सोडली. मग पांढऱ्या पिल्लांच्या टाक्या, मग स्नोफ्लेकची जोडी. नारंगीच्या वाट्याला काही उरलं नाही.

मशीन भिंतीपलीकडे आलं. पत्रा थरथरला. धुरातल्या डिझेलचा वास आत आला.

एका टाकीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी आहे. असल्या विषाने कोळंबी माशाच्या आधी मरते. मी टॉर्च घेऊन तिच्यासमोर बसलो. मिशा हलत होत्या. हलतायत ना? हो. मला तिच्यावरून नजर काढायचं धाडस होईना.

आवाज लांब गेला, पण धूर गेला नाही. वारा नव्हता. शेडमागच्या आंब्याखाली धूर तसाच साचून राहिला होता, नेमका ब्लोअरच्या तोंडाशी. इकडे आता नारंगी मासेही वर आले होते.

"अहो, लावा ना ब्लोअर. गुदमरतायत ती!"

"लावला तर मरतील."

"आणि नाही लावला तर?"

मी पाण्याचा मग उचलला आणि प्लॅस्टिकचा कोपरा उचलून टाकीतलंच पाणी वर काढून टाकीत ओतू लागलो. पडणारं पाणी सोबत थोडी हवा नेतं. सुनंदाने दुसरा मग घेतला. दोन माणसं आणि नारंगीच्या पंधरा टाक्या. एकीकडे ओतावं तर दुसरीकडची तोंडं वर यायची.

दार वाजलं. तोंडाला पदर लावून कांताबाई आत शिरल्या आणि पाठीमागे दार घट्ट लावलं. "घरात बसवंना, लई धूर झालाय," म्हणत त्यांनी सिलिंडरकडे बघितलं. "आमच्या पोराला सलाईन आन् तुमच्या माशाला शिलिंडर. बरं हाय." मग थोडा वेळ आमची धावपळ बघून म्हणाल्या, "ह्ये नुसतं वरनं वतायचं व्हय? द्या हिकडं तांब्या."

बाहेरचा धूर विरेपर्यंत आम्ही तिघं ओतत होतो. ब्लोअर लावला तेव्हा माझा खांदा वर उचलला जात नव्हता. मी पुन्हा कोळंबीपाशी गेलो. ती दगडावर चालत होती, म्हणजे विष आत आलं नव्हतं.

प्लॅटिनमची मादी तळाशी पडलेली होती. ऑक्सिजनची नळी तिच्या अगदी जवळ बुडबुडत होती. पांढरी अकरा पिल्लंही गेली. नारंगी एकही नाही. स्नोफ्लेकची जोडी शाबूत होती. तेवढ्यावर मी म्हटलं असतं की जितका पांढरा तितका नाजूक. पण त्याच टाक्यांतली बाकीची पांढरी पिल्लं मजेत पोहत होती. म्हणून मेलेले सगळे मासे ताटात घेऊन भिंगाखाली बघितले. बाराही माशांच्या कल्ल्यांवरचं झाकण तोकडं होतं. काहींचं एकाच बाजूला. या झाकणाची उघडझाप करूनच मासा कल्ल्यांवरून पाणी खेळवतो. ते अपुरं असेल तर रोजचं भागतं, अडचणीत भागत नाही. नात्यातल्या नात्यात जोड्या लावताना रंगाबरोबर हे व्यंगही पुढे आलं होतं. जिवंत राहिलेल्या पांढऱ्यांपैकी दोघांतही ते निघालं. ते दोन मी वेगळे ठेवले, त्यांची जोडी लावत नाही आणि ते विकतही नाही.

कांताबाईंचा नातू पुढच्या आठवड्यात घरी आला. ब्लोअरचं तोंड मी विष शोषून घेणारा कार्बन फिल्टर बसवून शेडच्या आत घेतलं.

परवा हिंजवडीहून एक इंजिनिअर मासे घ्यायला आला होता. नेमकं त्याने वेगळे ठेवलेल्या त्या दोन पांढऱ्यांपैकी एकावर बोट ठेवलं.

"काका, हा हार्डी आहे का? टिकेल ना?"

मी त्याला टॉर्च दिला आणि डाव्या कल्ल्यावरचं झाकण बघायला सांगितलं. त्याने वाकून बराच वेळ बघितलं.

"पण कलर याचाच सगळ्यात भारी आहे."

"आहे," मी म्हणालो. "म्हणूनच झाकणाकडे कोणी बघत नाही."