शेवटच्या पंगतीचा भात

विट्याकडच्या गावांत लग्न ठरलं की आधी आकाराम आचाऱ्याची तारीख घ्यायची, मग मुहूर्त बघायचा. वीस वर्षं हे असंच चाललेलं. पृथ्वीराज फौजी रिटायर होऊन आला, त्याच्या गावजेवणानंतर मात्र अठ्ठावीस बाया उलट्यांनी आडव्या झाल्या. त्यात आकारामची बायको साळूबाईही होती.

आरोग्य खात्याच्या अंकिता मॅडम सांगलीहून वही घेऊन आल्या. कोण काय जेवलं, कधी जेवलं, घरोघर विचारत फिरल्या. घोळ असा, की बाप्यांतल्या एकालाही काही झालं नव्हतं. कुणी बासुंदीचं नाव घेतलं, कुणी विहिरीचं. मग कुणाला तरी आठवलं, आकाराम मांडवात जेवलाच नव्हता. ते खरंच होतं. फोडणीच्या वासानंच त्याचं पोट भरायचं, घरची चटणी-भाकरी खायचा. इतकी वर्षं गाव याचं कौतुक करायचं. आता त्याच गोष्टीवरून दोन लग्नांच्या तारखा परत गेल्या.

वहीतून मॅडमना एवढं कळलं, की पडल्या त्या सगळ्या शेवटच्या पंगतीच्या. वाढप उरकून चारला बसलेल्या.

“एकच पातेलं, एकच हात,” आकाराम म्हणाला. “पैल्या पंगतीला गोड लागला त्यो भात शेवटच्या पंगतीला बाधतोय कसा?”

दहाला उतरवलेला भात चारपर्यंत कसा ठेवला, हे मॅडमनी विचारलं. ते त्यालाही ठाऊक नव्हतं. शेवटच्या पंगतीचं साळूबाई बघायची, म्हणून दोघं दवाखान्यात गेली. तिला सलाइन चालू होतं.

“आमच्या वाट्याला दरवेळी गारढोण भात,” ती म्हणाली. “म्हून टोपात दाबून भरला, वर गोधड्या घातल्या. चारला चांगला कोमट लागला. बाया लय खूश झाल्या.”

असा तासन्‌तास कोमट राहिलेल्या भातात जंतू वाढतात, तोच बाधतो, मॅडमनी समजावलं. आकारामच्या डोक्यात ते काही केल्या शिरेना. रात्रीचा गार भात सकाळी फोडणी घालून जन्मभर खाल्ला, आणि उबेतला बाधला?

गोधड्या कुणी घातल्या म्हणून लिहू, मॅडमनी विचारलं. बायकोचं नाव सांगितलं की तो सुटत होता.

“आचाऱ्यानं, म्हून लिवा.”

“आवं, तुमाला तर ठावंबी नव्हतं,” साळूबाई म्हणाली.

“गप पड.” तो मॅडमकडं वळला. “मग बायांना ऊन भात घालायचा कसा?”

“त्यांच्यासाठी चारला वेगळा शिजवा.”

“चारला?” आकारामनं विचारलं.

“तवर ह्यांची चूल इझल्याली असती,” साळूबाई म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.