डेल रिंकरचे पाच नकार

व्हर्ना शिमको ही बाई अमेरिकेतल्या शेडल गॅप गावच्या आगबंब मंडळाची एकतीस वर्षं चिटणीस, आणि त्यातली बावीस वर्षं अँब्युलन्सही तिनंच हाकली. पगार छदामाचा नाही. तिथं कुणालाच नाही. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून पळायचं, आणि शुक्रवारी हॉलमध्ये बटाटा भरलेल्या पिरोगी लाटून विकायच्या, त्यावर गाडीचं डिझेल निघायचं. बाई अंगानं रुंद, आवाज खणखणीत, तोंड असं की मढ्यालाही उठून उत्तर द्यावंसं वाटावं. पण तिला खोटं बोलताना कुणी बघितलेलं नव्हतं.

मंडळात सभासद घ्यायचा तर गोट्या टाकायच्या, हा शंभर वर्षांचा रिवाज. लाकडाची पेटी, तिला एक भोक. हात आत घालायचा, पांढरी नाहीतर काळी गोटी उचलायची आणि पलीकडच्या खणात सोडायची. एक जरी काळी निघाली तरी माणूस बाद. आणि कुणी कुठली टाकली हे विचारायचं नाही. व्हर्नाच्या सख्ख्या दिराला काळी पडली होती, पण नवरा मरेपर्यंत त्या घरात त्यावर चकार शब्द निघाला नाही. मत म्हणजे आतल्या कपड्यासारखं. असतं सगळ्यांचं, दाखवत कुणी नाही.

म्हणूनच खासदार डेल रिंकर वॉशिंग्टनात कसं मत देतो, हे सोळा वर्षांत शेडल गॅपच्या एकाही माणसानं बघितलं नव्हतं. तसं काही बघायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. धुरात शिरताना पाठीवर घ्यायच्या हवेच्या बाटल्या सरकारी निधीतून आल्या, त्या दिवशी रिंकर येऊन, डोक्यावर हेल्मेट चढवून फोटो काढून गेला. बास. तेव्हापासून दर निवडणुकीला व्हर्ना पिरोगीच्या रांगेत सांगत फिरायची, "आपला माणूस हाय. बाटल्या त्यानंच आणल्या." आणि लोक तिच्या शब्दावर शिक्का मारून यायचे.

आता त्या बाटल्यांची पंधरा वर्षं मार्चमध्ये भरत होती. त्यानंतर त्यात हवा भरायला कायद्यानं बंदी. नव्या बाटल्यांसाठी रिंकरचं शिफारसपत्र पाहिजे होतं. मंडळाचा मुख्य, चीफ एल्वुड होक, यानं डोकं चालवलं: त्याला मानाचा सभासद करू, खूश होईल. मानपत्र लिहायचं काम अर्थातच व्हर्नाकडे.

आगबंबवाल्यांसाठी साहेबांनी किती वेळा मत दिलं, तो आकडा मानपत्रात घालावा म्हणून ती मंगळवारी वाचनालयात गेली. तिथली रूथ म्हणाली, "सोपं आहे. यादी उघडीच असते."

"कुणाची यादी?"

"कुणी कसं मत दिलं त्याची. नावानिशी."

"अगं, मग लाज न्हाई वाटत त्यांना?"

रूथ हसली आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. अंतर्गत सुरक्षेच्या खात्याचा निधी (बाटल्यांचा पैसा त्यातलाच), आगबंबवाल्यांची मदत, अँब्युलन्सवाल्यांचं प्रशिक्षण. सगळं मिळून पाच वेळा मतदान. रिंकर, नाही. रिंकर, नाही. बाटल्यांच्या सालीसुद्धा, नाही.

व्हर्नानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "दुसरा कुणी रिंकर असंल."

"एकच आहे."

घरी येऊन कोटही न काढता तिनं साहेबाच्या कचेरीत फोन लावला. एक गोड आवाजाचा सहायक म्हणाला, "मॅडम, साहेबांचा विरोध उधळपट्टीला होता, तुम्हाला नव्हता. निधी मंजूर झाल्यावर तुमच्या अर्जाला पत्र दिलंच की त्यांनी."

"म्हंजे विहीर खणू नका म्हणून बोंबलायचं, आणि पाणी लागलं की रहाटावर हात ठेवून फोटो काढायचा?"

"मॅडम, यंदाही पत्र नक्की मिळेल."

"आणि यंदाचं मत?"

"ते विरोधातच राहील. पण चीफनी कळवलेल्या सभासदत्वाचा साहेबांना फार आनंद झालाय."

रविवारी प्रार्थनेनंतर चोवीस सभासद हॉलमध्ये जमले. मानपत्राच्या जागी व्हर्नानं ती यादी वाचली, सालासकट. कुणाच्या हातातली कॉफी हातातच राहिली.

एल्वुड ताडकन उठला. "व्हर्ना, खाली बस! माणसाचं मत बघत असत्यात होय?"

"मी चोरून न्हाई बघितलं. भिंतीवर टांगल्यागत होतं."

"आणि मार्चात काय फुंकर मारून आग विझवायची?"

"तुझ्या तोंडात वारा बराच हाय, एल्वुड. तोच भरू बाटल्यांत."

दोघंतिघं हसले, पण ते हसू लगेच विरलं. पेटी फिरली. शेवटी व्हर्नाचा हात आत गेला. तिनं काळी सोडली. बाकीच्यांच्याबी काळ्याच पडणार, त्यांत आपली एक, असं तिला वाटलं होतं.

एल्वुडनं पेटी टेबलावर उलटी केली. तेवीस पांढऱ्या, एक काळी.

व्हर्ना गोट्यांकडे बघतच राहिली. आत्ता वाचलेलं ह्यांनी ऐकलं नव्हतं का? तिच्याकडे कुणी बघेना. नियमाप्रमाणे रिंकर बाद झाला होता. वहीत फक्त "नामंजूर" लिहायचं असतं. तिनं लिहिलं: "नामंजूर. काळी गोटी व्हर्ना शिमकोची."

एल्वुडनं खांद्यावरून वाचलं. "खोड ते."

"न्हाई खोडत. त्याचं उघडं, तर माझंबी उघडं."

"मग चिटणीसपद सोड."

तेवढ्यात मागून मर्ल योडर बोलला. सहा महिन्यांत चार शब्द बोलणारा माणूस. "माझी पांढरी होती. पोरगा आगीत शिरतो माझा. पत्रासाठी मी सैतानालाबी पांढरी टाकीन, व्हर्ना."

शंभर वर्षांत त्या हॉलात कुणी आपलं मत तोंडानं सांगितलं नव्हतं. व्हर्नानं त्याचं नाव लिहिलं आणि पुढं "पांढरी".

"माझीबी लिही," कुणीतरी म्हणालं. मग दुसरं. एल्वुड टेबल बडवत होता, ऐकतंय कोण. बावीस नावं झाली. व्हर्ना पेन उचलून थांबली.

"तुझी, चीफ?"

एल्वुडनं टोपी काढून टेबलावर ठेवली. "पांढरी. यादी ऐकल्यावरबी पांढरी." मग वहीकडे न बघता म्हणाला, "त्याला नकार कोण कळवणार?"

"मी. उद्या सकाळी."

"आणि बाटल्या?"

"ते त्यालाच विचारते," व्हर्ना म्हणाली, आणि खाली सही केली.