चिंचणीच्या कॉलेजातल्या बाई

एक दिवस सोडला, तर आमच्या बाई वर्गात पुढे कधी उभ्या राहिल्या नाहीत. शेवटच्या बाकावर आमच्यातच बसायच्या. कोणी फार खात्रीने बोलू लागलं की मागून हळूच विचारायच्या, "असं आहे, की असं तुला वाटतं?"

चिंचणीला चिकूच्या वाडीतल्या भाड्याच्या बंगल्यात त्यांनी कॉलेज काढलं, तेव्हा आमची पहिली तुकडी एका टेम्पोत मावेल एवढीच होती. कोणी किनाऱ्यावरच्या कोळ्यांचं, कोणी डोंगराकडच्या पाड्यावरचं, कोणी माझ्यासारखं बोईसरच्या चाळीतलं. कला, विज्ञान असे वेगळे रस्ते नव्हते. सकाळी इतिहास, दुपारी समुद्रावर जाऊन खडक बघायचे, संध्याकाळी नाटक. परीक्षा म्हणजे एकाने उभं राहून आपलं म्हणणं मांडायचं आणि बाकीच्यांनी ते खोडून काढायचं. त्यात शेजारच्या दांडी गावची जयवंती कोणाला ऐकत नसे. कधी कधी ती बाईंनाच गप्प करायची, आणि बाई हरल्याच्या आनंदात सगळ्यांना चहा करून पाजायच्या.

खोटा धीर देणं बाईंना जमायचं नाही. एकदा जयवंतीची आई मासळी विकून परतताना रिकामी टोपली घेऊन थेट वर्गात आली.

"बाय, पोर इकडं शिकते, तिला नोकरी लागंल ना?"

"ठाऊक नाही हो," बाई म्हणाल्या. "विद्यापीठाची मान्यता अजून आलेली नाही. येईल अशी आशा आहे."

आईने टोपली काखेत घेतली. "खरं बोललीस. मंग ऱ्हाऊ दे तिला इकडंच."

मान्यता आली नाही. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बाई फळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "तुमची तीन वर्षं मी घेतली. पदवी देऊ शकत नाही."

जयवंतीने विचारलं, "असं होईल, हे वाटलं होतं तुम्हाला?"

"भीती होती. तुम्ही बोलायला लागलात की विसरायचे."

जयवंती दप्तर उचलून निघून गेली.

बंगला सुटला. बाई पालघरला एका खोलीत राहू लागल्या. दांडीला त्या कितीदा तरी जाऊन आल्या. आई ओट्यावर बसवून चहा द्यायची. जयवंती घरात असूनही बाहेर यायची नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. जयवंती तारापूरच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. जेवणाच्या सुट्टीत मी तिला गेटवर गाठलं आणि सांगितलं. केसांवरची टोपी न काढता ती ऐकत राहिली.

"शेवटी जवळ कोण होतं?"

"कोणी नाही."

ती म्हणाली, "फसवलं नाय रे त्यांनी मला. फसवलं असतं तर शिव्या तरी दिल्या असत्या."

भोंगा झाला. ती आत गेली.